युरोपचा व्हिसा: ऊसबिल, सोसायटीची ठेव आणि बँकेचं स्टेटमेंट

पासपोर्ट हातात आहे आणि कुठं जायचं यावरची घरातली भांडणं मिटली आहेत, असं धरून चालते. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. यातलं काही कमी असेल तर आधी ते निस्तरा.

इथं बोलतेय ते शेंगेन व्हिशाबद्दल. एका व्हिशावर 29 देश, 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या 25 डॉलरमध्ये होतो, त्याला लेख लागत नाही.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथं जास्त रात्री मुक्काम, त्या देशाकडे. रात्री समसमान असतील तर जिथं आधी उतरणार, तिथं. ‘अमक्या देशाचा व्हिसा लवकर सुटतो, तिथून काढू आणि दुसरीकडंच फिरू’ असं सांगणाऱ्या एजंटाला चहा पाजा आणि वाटेला लावा.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, शेवटच्या 15 दिवसांत घेत नाहीत. निर्णय साधारण 15 दिवसांत येतो, पण 45 दिवसही लावू शकतात. त्यामुळं अडीच महिने आधी कामाला लागा. विमानाचं नुसतं आरक्षण जोडा, पैसे परत न मिळणारं तिकीट व्हिशाआधी काढू नका. प्रवास विमा निदान 30,000 युरोचा. हॉटेलं रद्द करता येतील अशीच.

आता पैशांचं. इथं मी स्वतः तोंडावर आपटले आहे, म्हणून सविस्तर सांगते.

आपल्या बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात माणसाचे पैसे बँकेत नसतात, सोसायटीत म्हणजे पतसंस्थेत असतात. पिग्मीवाला रोज दारात येतो, ठेवीला व्याज थोडं जास्त मिळतं, चेअरमन ओळखीचा असतो. बँकेचं खातं असतं ते गॅसच्या सबसिडीपुरतं. निपाणीजवळच्या गावात राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाचं हेच होतं. ऊस, थोडा तंबाखू, घरदार व्यवस्थित, आणि बँकेत शिल्लक बारा हजार. जुलै 2024 मध्ये दादा-वहिनींचा स्वित्झर्लंडचा अर्ज भरायला मी बसले. सगळ्यांनी सांगितलं, ‘खातं भरलेलं दिसलं पाहिजे.’ मी शहाणीनं अर्जाच्या दहा दिवस आधी सोसायटीतली ठेव मोडायला लावली आणि पाच लाख रोख खात्यात भरायला लावले.

व्हिसा नाकारला. नकाराचा छापील कागद असतो, त्यावर कारणांपुढं खुणा करतात. आमच्या कागदावर दोन खुणा होत्या: खर्चाच्या पैशाचा पुरावा पटला नाही, आणि मुदतीत परत जाल याची खात्री वाटत नाही. दादा म्हणाला, ‘अगं, तिथं राहून मी काय करू? म्हशी कोण बघणार?’ खरं होतं, पण ते कागदावर कुठंच नव्हतं. माणशी 90 युरो फी गेली ती गेलीच, ती परत मिळत नाही.

दुसऱ्यांदा शांत डोक्यानं हिशेब केला. स्वित्झर्लंड माणशी दिवसाला 100 फ्रँक धरतं. दोघांचे आठ दिवस म्हणजे 1,600 फ्रँक, तेव्हाच्या दरानं दीड लाखाच्या थोडे वर. पाच लाखांची गरजच नव्हती! ज्या खात्यात सहा महिने बारा हजार पडून आहेत, त्यात अर्जाच्या तोंडावर पाच लाख रोख आले, तर बघणाऱ्याला एकच वाटणार: उसने आणलेत, शिक्का मिळाला की परत जाणार. सोनं गहाण ठेवून खातं भरणारेही हाच घोळ घालतात.

तेव्हा असं करा.

सोसायटीतले पैसे आणायचेच असतील तर अर्जाच्या चार-पाच महिने आधी आणा, आणि चेकनं किंवा आरटीजीएसनं आणा. रोख नको म्हणजे नको. ठेव मोडल्याचा सोसायटीच्या शिक्क्याचा कागद त्याच दिवशी मागून घ्या. नंतर मागितला की क्लार्क रजेवर असतो. उरलेल्या ठेवींच्या पावत्या जोडा, पण त्या पाठराखणीला. मुख्य पुरावा बँकेचं सहा महिन्यांचं, सही-शिक्क्याचं स्टेटमेंट. मोबाईलवरून काढलेल्या पीडीएफवरही शाखेचा शिक्का मारून घ्या.

ऊसवाल्यांनी अर्जाचा महिना बिलावरून ठरवावा. गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होतं. कायद्यानं बिल 14 दिवसांत मिळायला हवं (हसू नका). ते जमा झालं की फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ज करा, म्हणजे सहा महिन्यांच्या स्टेटमेंटात तुमची खरी कमाई आपोआप दिसते. कारखान्याची बिलाची पावती जपून ठेवा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून रिटर्न भरत नसाल तर तेही अर्जासोबतच्या पत्रात लिहा आणि जमिनीचा उतारा जोडा. आपल्याकडं कर्नाटकात सातबारा नाही, उतारा आहे आणि तो कन्नडमध्ये. त्याचं इंग्रजी भाषांतर करून नोटरीचा शिक्का घ्या. आपल्याला परत का यावं लागतं, ते हा उतारा सांगतो.

आणि पत्र. एजंट देतात ते ‘निसर्गसौंदर्याची ओढ’ छापाचं पत्र फाडून टाका. एका पानात सांगा: कोण जाणार, कधी, कुठं, खर्च कोण करणार. मग स्टेटमेंटमधली प्रत्येक मोठी जमा उलगडून सांगा. दादाच्या दुसऱ्या पत्रात अशी ओळ होती: ‘14 जानेवारीची 2,86,000 रुपयांची जमा ऊसबिलाची आहे, पावती पान 11 वर.’ पान 11 वर पावती, आणि स्टेटमेंटात त्याच ओळीवर पिवळी खूण. आधीचा नकारही लिहिला. तो त्यांच्या संगणकात असतोच, लपवून उपयोग नाही. मार्च 2025 मध्ये अर्ज केला आणि या वेळी व्हिसा मिळाला. त्या दिवशी खात्यात तीन लाखही नव्हते.

नावांचा गोंधळ सीमाभागात कुणाला चुकलाय? शाळेचा दाखला मराठीत, लग्नाचा कन्नडमध्ये, आणि कुलकर्णी कन्नडमार्गे इंग्रजीत गेला की मधेच एक जादा ‘ए’ शिरतो. नियम एकच: अर्ज, विमा, तिकीट सगळीकडं पासपोर्टवरचं स्पेलिंग, अक्षरन् अक्षर. पासपोर्टवर जन्मगाव ‘बेलगाम’ आणि आधारवर ‘बेळगावी’ असेल तर घाबरून पासपोर्ट बदलायला धावू नका. सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बदललं, एवढं पत्रात एका ओळीत लिहा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना मात्र कोरा असेल तर तो दुरुस्त करूनच घ्या. नोव्हेंबर 2022 पासून अमिरातीनं एकाच नावाच्या पासपोर्टवर पर्यटकांना अडवायला सुरुवात केली.

फोटो 35 बाय 45 मिलिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. स्टुडिओवाल्याला बजावून सांगा, चेहरा गोरा करायचा नाही.

बोटांच्या ठशांसाठी व्हिसा केंद्रात स्वतः जावं लागतं. आम्ही राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं संध्याकाळी निघून सकाळी बेंगळुरू गाठलं. पुण्याच्या किंवा गोव्याच्या केंद्रात तुमचा अर्ज घेतात का, ते त्या त्या देशाचे नियम बघून आधी ठरवा. शेतात राबणाऱ्यांचे ठसे मशीन पटकन उचलत नाही. दादाचा उजवा अंगठा चौथ्या खेपेला उमटला, तोही वहिनींनी पर्समधली व्हॅसलीन चोळून पुसल्यावर. आठवडाभर आधीपासून रात्री बोटांना तेल लावा. एकदा दिलेले ठसे 59 महिने चालतात.

पासपोर्ट परत आला की लिफाफा तिथंच फोडा आणि स्टिकरवरचं नाव, पासपोर्ट नंबर, तारखा ताडून बघा. ‘पासून-पर्यंत’च्या तारखांमध्ये बहुधा 15 दिवस जादा धरलेले असतात. ते राहण्यासाठी नाहीत, सहल पुढं-मागं सरकली तर असावेत म्हणून आहेत. राहायला मिळतात ते ‘दिवस’ या रकान्यातले. दादाच्या स्टिकरवर तिथं 8 होते. तारखा बघून तो म्हणाला, ‘तेवीस दिवस दिलेत की!’ वहिनींनी स्टिकर दोनदा वाचला आणि म्हशींसाठी ठरवलेल्या गड्याला फोन लावला, ‘आठच दिवस, बरं का.’