चॅलिस आधी उलटा करून बघा : फ्रेंच चर्चच्या धातुकामाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी

फ्रेंच चर्चमधल्या चांदीच्या, तांब्याच्या वस्तूंचा अभ्यास करायला येणारी मुलं शैलींची नावं पाठ करून येतात. रोमनेस्क, गॉथिक, बरोक. मग पहिल्याच सत्रात कुणीतरी त्यांच्यासमोर टोकदार कमानींचा, मीनाकामाच्या चकत्या बसवलेला एक देखणा चॅलिस, म्हणजे उपासनेतला प्याला, ठेवतं आणि सगळे एका सुरात म्हणतात, तेरावं शतक. वस्तू असते १८६० च्या आसपासची. यात मुलांचा दोष नाही, पुस्तकंच तशी शिकवतात. म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते : या क्षेत्रात शैली सर्वांत शेवटी बघायची. आधी तळ बघायचा, मग आटे, मग छाप, मग घडण. शैली फसवते, कारण एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच कारागिरांनी ती मुद्दाम, अभ्यास करून उचलली होती.

मी पुण्यात कलेतिहास शिकले, फ्रान्समध्ये मास्टर्स केलं आणि आता लहान गावांतल्या चर्चमधल्या वस्तूंची नोंद करण्याचं काम करते. खाली जे लिहिते आहे ते या कामातून आलेलं आहे.

वसईच्या किंवा गोव्याच्या वाचकांना पुढची चार वाक्यं नकोत, बाकीच्यांसाठी लिहिते. चॅलिस म्हणजे मिस्सा या उपासनाविधीतला द्राक्षरसाचा प्याला, पेटन म्हणजे त्यावरची ताटली. सिबोरियम म्हणजे पवित्र भाकर ठेवायचं झाकणाचं पात्र, आणि मॉन्स्ट्रन्स म्हणजे ती भाकर काचेआड ठेवून भाविकांना दाखवायचं, बहुधा सूर्यकिरणांच्या आकाराचं साधन. धुपाटणं तर सगळ्यांना कळतं. संतांचे अवशेष ज्यात ठेवतात ती रेलिक्वरी.

आता तळ. चॅलिस हा एकसंध नसतो. पाय, दांडा, मधला गोळा आणि वरचा प्याला असे वेगळे घडवलेले भाग एका आट्यांच्या सळईवर ओवलेले असतात आणि पायाखाली एक नट आवळलेला असतो. म्हणजे ते सुटतात, आणि सुटतात म्हणून बदलतात. प्याला चेपला की नवा बसवला जातो, पाय मात्र शंभर वर्षं जुना राहतो. तेव्हा 'हा चॅलिस कधीचा' हा प्रश्नच पुष्कळदा चुकीचा असतो, प्रत्येक भाग कधीचा असं विचारावं लागतं.

त्याचं उत्तर छापांत असतं. फ्रान्समध्ये १७९७ च्या कायद्यानंतर कारागिराची छाप चौकटीच्या पत्त्यावर असतो तशा, उभ्या टोकाच्या चौकोनात असते. आत आद्याक्षरं आणि एखादं चिन्ह. मुलामा चढवलेल्या हलक्या धातूसाठी चौरस छाप. सरकारी कसाची छाप म्हणजे १८३८ पासून मिनर्व्हा देवीचं शिरस्त्राण घातलेलं डोकं. कपाळासमोर १ असेल तर हजारी ९५० कस, हनुवटीखाली २ असेल तर ८००. एवढं पाठ असलं की निम्मं काम झालं. क्रांतीच्या आधीची पॅरिसची वस्तू असेल तर चार छापा शोधायच्या : कारागिराची, संघाची (हिचं अक्षर बदलत जातं, त्यावरून साल काढता येतं) आणि कर वसूल करणाऱ्यांच्या दोन, एक काम सुरू होताना मारलेली, एक कर भरल्यावर.

छाप प्याल्याच्या काठावर आहे की पायावर, हेही लिहून ठेवायचं. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी चॅलिसमध्ये फक्त प्याला आणि पेटन चांदीचे असतात आणि बाकी सगळं मुलामा दिलेलं पितळ किंवा तांबं. चर्चच्या नियमाला प्याल्याच्या धातूशी आणि त्याच्या आतल्या सोन्याच्या मुलाम्याशी मतलब होता, पायाशी नव्हता. गरीब धर्मग्रामाच्या फादरला हे परवडायचं. कारखान्यांच्या छापील कॅटलॉगात एकाच नमुन्याच्या अशा स्वस्त-महाग आवृत्त्या दिलेल्या सापडतात.

कारखाने म्हटलं, ते जाणूनबुजून. नोव्हेंबर १७८९ मध्ये चर्चची मालमत्ता राष्ट्राची झाली आणि पुढच्या काही वर्षांत चर्चमधली चांदी टांकसाळीत गेली. मध्ययुगातलं जे आज दिसतं ते त्यातून वाचलेलं आहे. पॅरिसजवळच्या सँ-दनी मठाचे मठाधिपती स्युजे यांचा गरुड, म्हणजे पॉर्फिरी दगडाच्या प्राचीन कलशाला सोनेरी मुलाम्याच्या चांदीचे पंख आणि मान लावून बाराव्या शतकात केलेला, तो लूव्रमध्ये आहे. त्याच स्युजेचा चॅलिस मात्र वॉशिंग्टनला बघावा लागतो. कोंक नावाच्या डोंगरातल्या गावात सँत फ्वा या संत स्त्रीची बसलेली सोन्याची मूर्ती आहे. मी पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत मला तीच सर्वांत जास्त आवडते, आणि तीही 'एका काळाची' नाहीच : नवव्या-दहाव्या शतकापासून भाविक वाहत गेले ती रत्नं, कोरीव खडे तिच्यावर चढत गेले. १८०१ च्या पोपशी झालेल्या करारानंतर चर्च पुन्हा उघडली आणि हजारो वेद्यांवर ठेवायला काहीच नव्हतं. ती मागणी पुरी करायला कारखाने उभे राहिले. त्यांना नमुना हवा होता आणि वास्तुकार व्हियोले-ल-द्युक, पुराविद दिद्रों यांच्यासारखी मंडळी सांगत होती की खरा ख्रिस्ती नमुना तेराव्या शतकाचा.

यातलं सर्वांत मोठं नाव प्लासिद पुसिएल्ग-र्युझाँ, पॅरिसचे. १८६२ मध्ये त्यांनी नोत्र-दाममधल्या, येशूचा मानल्या जाणाऱ्या काटेरी मुकुटासाठी रेलिक्वरी केली, आराखडा व्हियोले-ल-द्युक यांचा, त्यावरच्या आकृती जोफ्र्वा-दशोम या शिल्पकाराच्या. मुकुट विकत घेणारा राजा सेंट लुई, सेंट हेलेना आणि मुकुट देणारा कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट बॉल्डविन अशा तीन बैठ्या आकृती. गॉथिक म्हणावं तर गॉथिक, पण चेहऱ्यांकडे नीट पाहिलं की एकोणिसावं शतक लपत नाही. पुसिएल्ग-र्युझाँच्या कामात मला मोठेपणा दिसतो आणि थोडा कोरडेपणाही. ल्यॉंच्या तोमा-जोझेफ आर्माँ-कालियांचं तसं नाही. त्यांच्या चॅलिसवर पायापासून काठापर्यंत एक पूर्ण धर्मशास्त्रीय गोष्ट रचलेली असते, प्रत्येक चकती पुढच्या चकतीकडे बोट दाखवते, मीनाकाम मऊ, जवळजवळ चित्रासारखं. ल्यॉंच्या फुर्व्हिएर बॅसिलिकेचे वास्तुकार प्येर बोसाँ यांनी त्यांच्यासाठी आराखडे काढले. त्याच टेकडीवरच्या धार्मिक कलेच्या संग्रहालयात बघायला जा. पॅरिसची गर्दी नाही, वस्तूजवळ उभं राहता येतं.

तंत्राकडे येते, कारण नवशिक्यांना सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा लागतो आणि तो वाया जात नाही. हाताने उठवलेल्या प्याल्याच्या आत तिरपा प्रकाश टाकला की हातोडीच्या ठोक्यांचे हलके पैलू दिसतात. लेथवर साच्यावर दाबून काढलेल्या प्याल्यात एकाच केंद्राभोवतीची बारीक वर्तुळं दिसतात. झिलई आणि मुलाम्याखाली दोन्ही पुसट होतात, म्हणून पायाच्या आतला भाग बघायचा, तिथे झिलई करायचे कष्ट कुणी घेत नाही. उठावकाम असेल तर मागून पोकळी जुळते, पुढे जिथे गाल फुगलेला तिथे मागे खड्डा. ओतकाम असेल तर मागची बाजू जाड आणि रवाळ. आणि एका पायावरच्या सहा देवदूतांच्या पंखांची पिसं केसागणिक सारखी असतील तर ती ठशाने दाबून काढलेली आहेत, हातोडी-छिन्नी तिथे फक्त शेवटचा हात फिरवायला आली.

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी मी लहानपणापासून पाहत होते, पण मठारकामाचा ठोका कसा दिसतो हे डोळ्यात बसलं होतं याचा उपयोग इथे आल्यावर कळला. तुम्ही महाराष्ट्रात असाल तर येण्याआधी तिथे किंवा कुठल्याही चांदीच्या कारागिराकडे नुसते बसा. राळेवर पत्रा कसा बसवतात, तापवून पुन्हा मऊ का करावा लागतो, सांधायची डाक कुठे धावते आणि कुठे नाही, हे प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाला वर्गात तिप्पट समजतं.

मुलाम्याचे दोन काळ आहेत. जुना पाऱ्याचा : सोनं-पाऱ्याचा लेप लावायचा आणि तापवून पारा उडवायचा. कारागिरांची फुप्फुसं आणि मेंदू त्यात गेले. १८४० च्या दशकात विजेचा मुलामा आला, पॅरिसच्या क्रिस्तोफ्ल या कारखान्याने त्याचे हक्क घेतले आणि हळूहळू पारा मागे पडला. डोळ्याला पाऱ्याचा मुलामा किंचित उबदार, जाड वाटतो, पण डोळ्यावर विसंबू नका. हातात धरायचं एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारं यंत्र मिळालं तर पाऱ्याची रेघ आली की प्रश्न मिटतो. मात्र चर्चने पाऱ्याचा मुलामा बराच काळ पसंत केला, त्यामुळे पारा म्हणजे १८४० पूर्वीचं, असं उलट गणित मांडायचं नाही.

फ्रान्समधल्या लिमोज शहराचं मीनाकाम हा वेगळा अभ्यास आहे. बाराव्या-तेराव्या शतकात तिथे जाड तांब्याचा पत्रा कोरून खड्डे करायचे, त्यात काचेची पूड भरून भाजायची, घासून सपाट करायची आणि उरलेल्या तांब्यावर सोनं चढवायचं. माल युरोपभर जायचा. कँटरबरीचे आर्चबिशप टॉमस बेकेट यांची ११७० मध्ये हत्या झाली, ११७३ मध्ये ते संत ठरले आणि त्यानंतर त्यांच्या हत्येचं दृश्य असलेल्या घराच्या आकाराच्या पेट्या लिमोजमधून किती निघाल्या, त्याची कल्पना आजही पन्नासच्या आसपास उरल्या आहेत यावरून येते. सही मात्र जवळजवळ कुणी करत नसे. म्हणून लूव्रमधला १२०० च्या सुमाराचा सिबोरियम मोलाचा, त्याच्यावर लिमोजच्या अल्पे या उस्तादाचं नाव आहे. लिमोजचा माल इतका का टिकला? तांबं वितळवून टांकसाळीला फारसं काही मिळत नव्हतं, हे एक मोठं कारण. नंतरचं, पंधराव्या-सोळाव्या शतकातलं लिमोज वेगळं : पातळ पत्र्यावर रंगवलेलं मीनाकाम. पातळ पत्रा भट्टीत वाकू नये म्हणून मागूनही काचेचा थर देत. मागची बाजू बघायला मिळाली की गोंधळ उरत नाही.

विसाव्या शतकाबद्दल थोडक्यात. चांदीचे कारागीर जाँ प्युईफोर्का यांची भौमितिक, अलंकार नसलेली चर्चची चांदी बघा, आणि शार्त्रच्या कॅथेड्रलमधलं गुजी यांचं काम. ते जॉर्जियात १९४१ साली जन्मले, १९७४ मध्ये पॅरिसला आले आणि हातोडीने घडवलेल्या चांदीत कठीण खडे बसवायचं जुनं काम त्यांनी पुन्हा जिवंत केलं. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मात्र साधेपणाची लाट आली आणि नवगॉथिक वस्तू कपाटात, माळ्यावर किंवा जुन्या बाजारात गेल्या. आपलं काम त्या माळ्यावरून सुरू होतं.

तिथे चढण्याआधी मालक कोण ते समजून घ्या. १९०५ च्या कायद्याने चर्च आणि राज्य वेगळे झाले. त्याआधीच्या गावच्या चर्चमधल्या वस्तू सहसा नगरपालिकेच्या, कॅथेड्रलमधल्या राज्याच्या, आणि वापरायचा हक्क फादरचा. म्हणजे एक चॅलिस बघायला महापौरांची परवानगी, फादरचा होकार आणि जिल्ह्याच्या पुरावस्तू-अधिकाऱ्याला कल्पना, हे तिन्ही लागतं. फादरना आधी फोन करा. कागद महापौर देतात, पण किल्ली फादरकडे असते आणि कुठलं कपाट उघडायचं हे गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईंनाच माहीत असतं. संरक्षित म्हणून नोंदलेल्या वस्तूंची माहिती सांस्कृतिक मंत्रालयाच्या पालिसी या कोशात खुली आहे. जाण्याआधी गावाचं नाव टाकून बघत जा.

शिक्षणाच्या तीन वाटा. हाताने काम करायचं असेल तर ऑर्फेव्र, म्हणजे सोन्या-चांदीच्या कारागिराच्या, व्यवसायाचं सीएपी हे प्रमाणपत्र. त्यात जोडणी, लेथ, झिलई, सपाटीकरण असे वेगवेगळे विभाग आहेत. संवर्धन करायचं असेल तर आयएनपी या राष्ट्रीय वारसा संस्थेची प्रवेश परीक्षा, पाच वर्षांचं शिक्षण. धातू, काच आणि मीनाकाम तिथे अग्निकलांच्या विभागात येतात. इतिहास करायचा असेल तर एकोल द्यु लूव्र किंवा विद्यापीठ. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या : सरकारी कॉन्झर्व्हेटर, म्हणजे संग्रह सांभाळणारा अधिकारी, ही नागरी सेवा आहे, तिच्या परीक्षेला युरोपीय नागरिकत्व लागतं. भारतीय पारपत्रावर उरतं ते लिलावगृह, खाजगी संवर्धन, संशोधन आणि माझ्यासारखी कंत्राटी नोंदणी. पैसे बेताचे, कंत्राटं छोटी. हे ऐकून मागे फिरावंसं वाटलं तर आत्ताच फिरलेलं बरं.

फ्रेंच भाषा बी-टू पातळीपर्यंत भारतातच न्या, पुणे-मुंबईत आलियाँस फ्रान्सेज ही फ्रेंच शिकवणारी संस्था आहेच. फ्रेंच सरकारच्या चार्पाक शिष्यवृत्तीकडे लक्ष ठेवा. आणि गोव्याला जाऊन या : जुन्या गोव्यात सांता मोनिकामधलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय, आणि बॉम जेझू बॅसिलिकेमधली सेंट झेवियरची १६३६-३७ मध्ये गोव्याच्या सोनारांनी घडवलेली चांदीची पेटी. तिथली परंपरा पोर्तुगीज वळणाची, फ्रेंच छापा तिथे कामाच्या नाहीत. म्हणूनच सराव चांगला होतो, घडणीवरूनच वाचावं लागतं.

झोळीत दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटा टॉर्च, वजनकाटा आणि नायट्राइलचे हातमोजे ठेवा. सुती मोज्यातून गुळगुळीत चांदी निसटते. चांदीची पावडर लावून काहीही घासायचं नाही, मुलामा त्याच्याबरोबर जातो. नट घट्ट असेल तर सोडून द्या, आटे गेले तर दुरुस्तीचा खर्च महापौर तुमच्याकडे मागतील. आणि रेलिक्वरीच्या मागे लाल दोरा व लाखेवर बिशपची मोहर दिसली तर ती कितीही किरकोळ वाटो, हात लावू नका. मोहर तुटली की आतल्या अवशेषाची चर्चच्या दृष्टीने खातरी संपते, आणि ती परत लावून घ्यायला बिशपच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा लागतो, तोही बहुतेक वेळा तुम्हालाच.