ग्रीन कार्डची फाईल आणि गावचं दप्तर

ग्रीन कार्डची फाईल अमेरिकेत उघडते, पण अडकते ती आपल्या गावच्या दप्तरात. कोरेगाव आणि खटाव तालुक्यांत मी ग्रामसेवक होतो. जन्म-मृत्यूच्या आणि लग्नाच्या नोंदी लिहिण्यात नोकरीची बरीच वर्षं गेली. आता साताऱ्यात गोडोलीला राहतो. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत अशी माणसं कागदांची पिशवी घेऊन येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

कुठलाही फॉर्म उघडण्याआधी घरातल्या प्रत्येकाचे कागद सतरंजीवर मांडा. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, पासपोर्ट, लग्नाचा दाखला. मग एका कोऱ्या कागदावर तक्ता आखा: स्वतःचं नाव, वडिलांचं, आईचं, जन्मतारीख, जन्मगाव. प्रत्येक कागदावर जसं आहे तसं उतरवा, इंग्रजी स्पेलिंगसकट. पवारमध्ये एकीकडे डब्ल्यू आणि दुसरीकडे व्ही, वडील एका कागदावर दत्तात्रय आणि दुसऱ्यावर दत्तू, असं काही दिसलं की लाल पेनाने गोल करा. तिकडचा अधिकारी नेमकं इथेच बोट ठेवतो. त्याला आपलं गाव ठाऊक नाही. दत्तू आणि दत्तात्रय एकच, हे त्याला कागदानेच पटवावं लागतं.

कोण कोणाला बोलावू शकतं, हेही आधीच समजून घ्या. अमेरिकेचा नागरिक झालेला आणि एकवीस वर्षं पूर्ण केलेला मुलगा किंवा मुलगी आईवडिलांसाठी अर्ज करू शकते, आणि त्यांना व्हिसाच्या नंबराची वाट पाहावी लागत नाही. नुसतं ग्रीन कार्ड असलेल्याला आईवडिलांना बोलावता येत नाही. त्याला फक्त नवरा-बायको आणि लग्न न झालेली मुलं यांच्यासाठी अर्ज करता येतो, आणि तिथे रांग असते. भावंडांची रांग तर फारच लांब. अमेरिकी सरकारच्या २०२५ सालच्या व्हिसा नंबरांच्या तक्त्यात भारतातल्या भावंडांपैकी २००६ साली अर्ज केलेल्यांचे नंबर लागत होते. त्यामुळे “दादा नागरिक झालाय, आता आम्हीही जाऊ” म्हणून इथला धंदा किंवा नोकरी कुणी सोडू नये.

आता जन्माची नोंद. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. त्यामुळे मुलाचं गाव रहिमतपूर असलं तरी त्याची नोंद वडूजजवळच्या आजोळी असते. लोक वडिलांच्या गावातलं दप्तर पालथं घालतात आणि “नोंदच नाही” म्हणून परत येतात. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, बाळंतपण कुठे झालं? सिव्हिलला किंवा साताऱ्यातल्या खाजगी दवाखान्यात झालं असेल तर नोंद नगरपालिकेत. फार जुनी असेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुक, पाहायला अर्ज करा.

नोंद सापडली तरी पुष्कळदा नावाचा रकाना रिकामाच असतो. बारशाआधीच नोंद झालेली, नुसतं “मुलगा” किंवा “मुलगी” लिहिलेलं. नाव नंतर दाखल करून घेता येतं, मात्र त्याला मुदत असते. त्यासाठी निबंधकाकडे (नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करा आणि शाळेचा दाखला जोडा. स्पेलिंग किंवा तारीख चुकली असेल तर जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम १५ प्रमाणे दुरुस्ती होते. मूळ नोंद खोडायची नसते. ती तशीच राहते आणि समासात दुरुस्ती लिहून निबंधक सही आणि तारीख घालतो. खाडाखोड केलेली नोंद कुणी दाखवली तर मी तिच्यावरून दाखला लिहीत नसे, आणि तुम्हीही तसला दाखला फाईलला लावू नका.

आईवडिलांच्या पिढीची नोंद अनेकदा नसतेच. मग ग्रामपंचायतीकडून “नोंद आढळून येत नाही” असा दाखला घ्यायचा. त्याच्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला, आणि वयाने मोठ्या जवळच्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र. त्यात जन्मतारीख, गाव आणि आईवडील दोघांची नावं हवीत, आणि आपल्याला हे कसं ठाऊक आहे तेही हवं. “मी तिची थोरली बहीण, तिच्या जन्माच्या वेळी मी घरात होते” असं सरळ लिहिलेलं चालतं. नोटरीकडचा छापील मजकूर नुसत्या रिकाम्या जागा भरून देऊ नका.

एक जूनचं काय करायचं, हे जवळपास प्रत्येक घर विचारतं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जून लिहिला, तोच पासपोर्टवर गेला, आणि जन्मनोंदीत मात्र सतरा ऑगस्ट आहे. अशा वेळी खरी नोंद दडवू नका. आधी पासपोर्ट दुरुस्त करा (आपण पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीत येतो), मगच अर्ज भरा. “तारीख जुळवून दाखला करून देतो” म्हणणारे एजंट भेटतात. त्यांच्याकडे पाठ फिरवा. व्हिसासाठी खोटा कागद दिल्याचं निघालं तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं, आणि त्याची शिक्षा एजंटाला नाही, तुमच्या आईला भोगावी लागते.

बायकांच्या नावाचा गुंता सगळ्यांत मोठा. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर मुलीचं नावही बदलायचं. ताटातल्या तांदळांवर नवरा अंगठीने नवं नाव लिहायचा आणि माहेरची मंदाकिनी सासरी सुनीता व्हायची. माझ्याच घरात हे झालंय. बायकोच्या शाळेच्या दाखल्यावर मंदाकिनी, मुलीच्या जन्मदाखल्यात आई म्हणून सुनीता. मुलीने आईसाठी अर्ज केला तर या दोघी एकच आहेत हे सिद्ध करावं लागणार. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावातला बदल प्रसिद्ध करून घ्या. दोन्ही नावांची एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. आणि फॉर्ममध्ये “वापरलेली इतर नावं” असा रकाना असतो, तो कधीही रिकामा सोडू नका. माहेरचं, सासरचं, कागदावर आलेलं प्रत्येक नाव तिथे लिहा. तिथे लिहिलेलं नाव पुढे लपवाछपवी ठरत नाही.

वडिलांसाठी अर्ज असेल तर मुलाच्या जन्मदाखल्याबरोबर आईवडिलांच्या लग्नाचा दाखलाही लागतो. जुन्या लग्नांची नोंद नसते. लग्नपत्रिका, लग्नातला फोटो आणि साक्षीदार घेऊन ती आता करून घ्या. आईचा आणि वडिलांचा आय-१३०, म्हणजे नातेवाइकाला बोलावण्याचा अर्ज, वेगवेगळा भरायचा असतो. एकाच अर्जात दोघं बसत नाहीत.

नव्या नवरा-बायकोंसाठी लग्नाचा दाखला पुरत नाही, संसार खरा आहे हेही दाखवावं लागतं. स्टुडिओतला अल्बम कमी आणि साखरपुडा, हळद, जेजुरीला जाऊन आलेले फोटो जास्त द्या. पाठवलेले पैसे, विमानाची तिकिटं, एकमेकांच्या घरच्यांबरोबरचे फोटो, सगळं तारखेने लावा. कार्ड मिळतेवेळी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ते दोनच वर्षांचं मिळतं. त्याची मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत आय-७५१, म्हणजे कार्डावरची ही अट काढण्याचा अर्ज, भरावा लागतो. ही तारीख घरातल्या कालनिर्णयवर आजच लिहून ठेवा.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं, त्यात शिक्का आणि शेराही आला. भाषांतर करणाऱ्याने “मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे” असं लिहून सही करायची. पुढची वाट ठरलेली आहे: आय-१३० मंजूर, मग नॅशनल व्हिसा सेंटर (मंजूर फाईलचे कागद आणि फी घेणारं तिकडचं कार्यालय), डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, बोलावणाऱ्याच्या कमाईचा आय-८६४ हा हमीचा फॉर्म, पासपोर्ट कार्यालयाकडून पोलिस दाखला, ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे तपासणी आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. फी बदलत असते, ती सरकारी संकेतस्थळावरच पाहा. आय-८६४ वर सही करणाऱ्या जावयाला मात्र नीट समजावून सांगा. ती कायद्याने बांधणारी हमी आहे, आणि पुढे घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही.

आईवडिलांना अर्जाआधी एक गोष्ट खरोखर विचारा. त्यांना तिकडे राहायचं आहे का? ग्रीन कार्ड हे राहण्यासाठी असतं. री-एन्ट्री परमिट (परत येण्याची आधीच काढलेली परवानगी) न घेता वर्षापेक्षा जास्त बाहेर राहिलं तर ते जाऊ शकतं. ज्यांना सुगीला, दिवाळीला आणि गावच्या यात्रेला इथेच असायचंय, त्यांनी पाहुणा व्हिसा घ्यावा. आम्ही दोघांनी तेच केलंय, आणि मुलीलाही ते पटलंय.

अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी एन-४०० हा अर्ज. साधारण पाच वर्षांनी, आणि नागरिक जोडीदाराबरोबर राहत असाल तर तीन वर्षांनी. वय पंचावन्न आणि ग्रीन कार्डावर पंधरा वर्षं झाली असतील तर इंग्रजीच्या परीक्षेतून सूट मिळते आणि नागरिकशास्त्राची परीक्षा दुभाष्यामार्फत आपल्या भाषेत देता येते.

शपथ घेतली की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने भारताचं नागरिकत्व संपतं. भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, आणि मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) काढता येतं. मग सातबाऱ्याचा प्रश्न निघतो. वारसाने आलेली जमीन राहते, वारसनोंदही होते. नवी शेतजमीन मात्र ओसीआयला विकत घेता येत नाही, आणि असलेली विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, जो आपल्या महाराष्ट्रात शेतकरीही हवा. तिकडून भावाच्या नावे मुखत्यारपत्र पाठवणार असाल तर ते नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरण्यासाठीचा तिकडचा सरकारी शिक्का) करून पाठवा, आणि इथे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्या.