लॉक लावायच्या आदल्या दिवशी

उद्या सकाळी स्लेव्ह लेसर डायोड मास्टरला लॉक करायचा आहे, म्हणजे मास्टर लेसरचा थोडा प्रकाश आत सोडून स्लेव्हला त्याच्याच तालावर चालवायचं आहे, तेव्हा आज संध्याकाळपर्यंत एवढं उरकून ठेव. जुलै चालू आहे, म्हणून सुरुवात हवेपासून. पावसाळ्यात मुंबईत दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे थेंब होतात) 25 अंशांच्या आसपास असतो. गेल्या वर्षी मी डायोड 18 अंशांवर ठेवला होता. शनिवारी एसी बंद पडला, टीईसी (डायोडचं तापमान धरून ठेवणारा विजेवरचा कूलर) मात्र यूपीएसवर चालूच राहिला. सोमवारी माउंट उघडला तर लेन्सवर बारीक थेंब आणि डायोडच्या पायांवर हिरवट डाग. डायोड गेला. तू तापमान 28 च्या खाली नेऊ नकोस. तरंगलांबी 780 नॅनोमीटरला येत नसेल तर दुसरा डायोड निवड, पण थंड करून ओढू नकोस. माउंटमधली सिलिका जेल गुलाबी झाली असेल तर आजच बदल.

मग मास्टर. त्याची लाइन, म्हणजे त्याच्या प्रकाशाचा वारंवारतेतला पट्टा, किती रुंद आहे ते फॅब्री-पेरो कॅव्हिटीवर (समोरासमोरच्या दोन आरशांच्या मापकावर) आधी बघून घे. लॉक झालेला स्लेव्ह मास्टरचीच फेज धरून चालतो. मास्टरची लाइन रुंद असेल तर स्लेव्हही तेवढाच रुंद होणार, लॉकिंगने ती आणखी बारीक होत नाही. मास्टरपुढचा आयसोलेटरही (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) तपास, परत आलेला प्रकाश त्यालाच आधी बिघडवतो.

खरा वेळ लागतो तो बीम जुळवायला. मास्टरचा प्रकाश स्लेव्हच्या आयसोलेटरच्या बाजूच्या पोर्टमधून आत जातो. आयआर कार्ड (अवरक्त प्रकाश पडला की चमकणारं) घेऊन दोन्ही बीम एकदा जवळ आणि एकदा लांब, अशा दोन ठिकाणी एकावर एक आण. नंतर स्लेव्हचा करंट थ्रेशोल्डच्या (ज्या करंटला लेसर पेटतो त्याच्या) अगदी किंचित खाली आण आणि पॉवर मीटरवर नजर ठेवून आरसा केसभर फिरव. मास्टर नेमका चिपमध्ये शिरला की आकडा उडी मारतो. तिथून हाफ-वेव्ह प्लेटने (प्रकाशाचं ध्रुवीकरण फिरवणाऱ्या काचेने) तो आणखी वाढव. या पायरीला घाई करू नकोस, इथला अर्धा तास उद्याचे चार तास वाचवतो. लॉकिंग रेंज (वारंवारतेच्या जेवढ्या पट्ट्यात लॉक टिकतो तो) इंजेक्शन पॉवरच्या, म्हणजे स्लेव्हमध्ये शिरणाऱ्या मास्टरच्या प्रकाशाच्या, वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे रेंज दुप्पट हवी तर प्रकाश चौपट लागतो. नीट जुळलेला एक मिलिवॅट वेड्यावाकड्या पाच मिलिवॅटपेक्षा कामाचा.

मोजणीसाठी 5 किलोमीटर फायबरची रीळ काढून ठेव, तिच्यातून सुमारे 25 मायक्रोसेकंद विलंब मिळतो. मास्टर आणि स्लेव्हचा बीट (दोन्ही बीम मिसळून मिळणारा फरकाचा सिग्नल) बारीक दिसला म्हणून खुश होऊ नकोस. त्यातून स्लेव्ह मास्टरच्या मागे किती इमानाने चालतो एवढंच कळतं. लाइनविड्थ, म्हणजे लाइनची रुंदी, हवी तर स्लेव्हचा बीम त्याच्याच फायबरमधून उशिरा आलेल्या प्रतीशी मिसळावा लागतो.

गॉगल दारापाशीच ठेव. 780 डोळ्याला फिकट लाल दिसतो, पण 100 मिलिवॅट असतो. डायोडला हात लावण्याआधी अर्थिंगचा पट्टा बांध. निघताना करंट शून्यावर, टीईसी 28 वर चालू, आणि खिडकीची फट टेपने बंद.