कोळशाऐवजी पांढरा कोळसा: बॉयलरचं इंधन बदलायच्या आधी हे करा

जळगाव-धुळ्याकडे कापसाच्या पऱ्हाट्या शेतात जाळण्यापेक्षा त्यांचे ब्रिकेट (भुसा दाबून केलेले ठोकळे, म्हणजेच पांढरा कोळसा) करून बॉयलरला वापरणं खूप चांगलं, शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात आणि कोळसा वाचतो. पण इंधन बदललं की धोकाही बदलतो, आणि सस्टेनेबिलिटीवाले नि सेफ्टीवाले वेगळ्या केबिनमध्ये बसले तर तो कुणालाच दिसत नाही.

म्हणून पहिलं काम, मॅनेजमेंट ऑफ चेंजचा, म्हणजे बदल करण्याआधी त्याचे धोके तपासून मंजुरी घेण्याचा, फॉर्म भरा. अमेरिकेच्या १९९२ च्या पीएसएम (प्रोसेस सेफ्टी मॅनेजमेंट) नियमातल्या १४ घटकांपैकी हा एक, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त टाळला जाणारा. फॉर्मवर पर्चेसवाल्याचीही सही घ्या, कारण सप्लायर तोच बदलतो.

मग भुसा बघा. ब्रिकेट फुटतात, बारीक धूळ कन्व्हेयरवर, केबल ट्रेवर, शेडच्या अँगलवर बसते. साधारण ०.८ मिमीचा थरसुद्धा धोक्याचा धरतात, धुळीखालचा अँगलचा रंग दिसतोय का ते बघा, दिसत नसेल तर लगेच साफसफाई, पण कॉम्प्रेस्ड एअरने उडवू नका, हवेत उडालेल्या धुळीचाच स्फोट होतो. व्हॅक्युमही धूळ-स्फोटासाठी बनवलेलाच घ्या.

ढीग पावसात भिजला तर आतून तापतो. छोटे ढीग, जुना माल आधी, आणि आत थर्मामीटरची सळई. कन्व्हेयरजवळ वेल्डिंग असेल तर हॉट वर्क परमिट (ठिणगी उडणाऱ्या कामाची लेखी परवानगी) पाहिजेच.

राखेत पोटॅश जास्त असतं, भट्टीत क्लिंकर (वितळून घट्ट झालेले राखेचे गोळे) धरतो, तेव्हा राख रोज तपासा. ती शेताला द्यायची असेल तर आधी टेस्ट करा आणि पूर्ण थंड झाल्यावरच ट्रॉलीत भरा.