झालरीचा हेअरबँड घरच्या घरी

झालर भरगच्च हवी असेल तर रिबनची कंजुषी नको. डोक्याच्या घेराच्या निदान दुप्पट लांबी घ्या, अडीचपट असेल तर उत्तम. सॅटिनची टोकं मेणबत्तीच्या ज्योतीजवळून झटकन फिरवा, म्हणजे दशा सुटत नाहीत. ज्योतीत धरली तर काळी पडतात. मग दुहेरी दोऱ्याने मधोमध धावदोरा घाला, दोरा हलक्या हाताने ओढत चुण्या सारख्या करा आणि झालर डोक्याच्या मापाएवढी झाली की गाठ मारा. इलॅस्टिक मात्र मापापेक्षा तीनेक सेंटीमीटर कमी घ्या. त्यावर झालर शिवताना ते ताणूनच धरायचं, नाहीतर बँड घालताना टाके तटातट तुटतात. तान्ह्या बाळाला झोपवताना बँड आठवणीने काढा.