आधी वाफसा येऊ द्या: अलॉटमेंटवर मार्च-एप्रिलमध्ये या चुका टाळा

मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळं तासभर पुढे जातात आणि संध्याकाळी सात वाजताही उजेड राहतो. इथल्या आपल्या माणसाला नेमकी तेव्हाच अलॉटमेंटची, म्हणजे भाजीपाला पिकवायला भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्याची, आठवण होते. वर्षभराचं भाडं भरलेलं, पूर्ण प्लॉट म्हणजे साधारण २५० चौरस मीटर, आणि एकाच शनिवारी सगळं उरकायची घाई.

पहिल्या वर्षी मीही तेच केलं. पाऊस थांबून दोन दिवसही झाले नव्हते, तरी लंडनची ती पिवळट चिकणमाती कुदळीने उलथून टाकली. बुटांना दोन-दोन किलो चिखल. मे महिन्यात त्या ढेकळांच्या विटा झाल्या होत्या, आणि गाजरं निघाली ती फाटे फुटलेली. गावाकडे शेतकरी वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जादा ओल निथळून माती मशागतीजोगी झाल्याशिवाय, औत घालत नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. विलायतेत आल्यावर मी ते विसरलो. आता मूठभर माती घेतो, लाडू वळल्यासारखी दाबतो आणि बोटाने टोचतो. भुगा झाला तर काम सुरू. लाडू तसाच राहिला तर थर्मासमधला चहा पिऊन घरी. वाफ्यात जाणं अगदीच भाग असेल तर फळी टाकून तिच्यावर उभं राहा, म्हणजे वजन एका जागी पडून माती दबत नाही.

वाफसा आला तरी माती गार असू शकते. पाकिटावर ‘फेब्रुवारीपासून पेरा’ लिहिलेलं असतं, पण गार मातीत बी उगवण्याऐवजी कुजतं. मातीचा थर्मामीटर स्वस्त असतो, सकाळी खुपसून बघा. ब्रॉड बीन्स (बाकला) आणि पार्सनिपला (गाजरासारखं पांढरट कंदमूळ) साधारण ७ अंश चालतात, फरसबीला किमान १२ लागतात. पार्सनिप उगवलंच नाही, तर बी गेल्या वर्षीचं होतं का ते आधी पाहा. ते फार टिकत नाही. बी ताजं असेल तर तीन-चार आठवडे धीर धरा. ओळ लक्षात राहावी म्हणून मी त्यातच लवकर उगवणारा मुळा पेरतो.

इथले जुने लोक गुड फ्रायडेला बटाटा लावतात, आपण पाडव्याचा मुहूर्त धरतो. दोन्ही तिथ्या चंद्रावर चालतात आणि महिनाभर मागेपुढे सरकतात; फ्रॉस्टला, म्हणजे कोवळी पानं जाळणाऱ्या हिमाला, त्याचं सोयरसुतक नाही. दक्षिण इंग्लंडमध्येही तो मेच्या मध्यापर्यंत पडू शकतो, उत्तरेत त्याहून उशिरा. बटाट्याचं बेणं अंधाऱ्या कपाटात ठेवलं तर पांढरे लांबुळके कोंब येतात आणि हात लागताच मोडतात. अंड्यांच्या ट्रेमध्ये, उजेडाच्या पण गार जागी ठेवा, कोंब बुटके आणि जाड येतील. लागवडीनंतर वर आलेली पानं एका रात्रीत काळी पडली तरी झाड उपटू नका, खालून पुन्हा फुटतं. थंडीचा अंदाज असेल त्या संध्याकाळी पानं झाकतील एवढी मातीची भर द्या.

खिडकीतली टोमॅटोची रोपं काडीसारखी लांबली? फेब्रुवारीत पेरलीत, उजेड कमी पडला. कुंडी बदलताना पहिल्या पानांपर्यंत खोल लावा, खोडालाच मुळ्या फुटतात. बाहेर लावण्याआधी मात्र आठ-दहा दिवस दिवसा बाहेर, रात्री आत.

बाइंडवीड (वेलीसारखं पसरणारं तण) आणि काऊच ग्रास (आपल्या हरळीचाच भाऊबंद) असलेल्या जागेत रोटाव्हेटर (माती उलथणारं यंत्र) फिरवणं हा शुद्ध वेडेपणा. मुळाच्या तुकड्यातुकड्यातून नवं तण निघतं. काट्याच्या फावड्याने उकरून हाताने वेचायचं, दुसरा उपाय नाही.

फुकट मिळालेलं शेणखत किंवा घोड्याची लीद लगेच पसरू नका. कुरणावर मारलेल्या काही तणनाशकांचा अंश गवतातून, जनावराच्या पोटातून खतात उतरतो. २००८ मध्ये याच कारणावरून ब्रिटनमध्ये अमिनोपायरॅलिड या तणनाशकाची विक्री काही काळ थांबवली होती. एका कुंडीत ते खत मिसळून ब्रॉड बीन्स लावा, दुसऱ्या कुंडीत खताशिवाय. तीन-चार आठवड्यांत खताच्या कुंडीतली पानं नेच्यासारखी मुडपली, तर ढीग आला तिकडेच परत पाठवा.

आणि कोथिंबिरीची रोपं करून लावू नका. सोटमूळ दुखावलं की ती सरळ फुलावर जाते. एप्रिलमध्ये धणे हलके रगडून थेट वाफ्यात टाका.