‘१६’ एका ओळीत आणि ‘जीबी’ दुसऱ्या ओळीत? नॉन-ब्रेकिंग स्पेस वापरा

मॅन्युअलमध्ये ‘किमान १६’ लिहून ओळ संपते आणि ‘जीबी रॅम’ खालच्या ओळीत जातं, हे वाचताना फार खटकतं. उपाय सोपा आहे, मधली साधी स्पेस काढून नॉन-ब्रेकिंग स्पेस टाका, म्हणजे दोन्ही शब्द एकत्रच खाली उतरतात.

टाकायची कशी ते तुम्ही कशात लिहिताय त्यावर आहे. वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेस, मॅकवर ऑप्शन-स्पेस. एचटीएमएलमध्ये अँपरसँड (&), एनबीएसपी आणि सेमीकोलन, किंवा नावाऐवजी हॅश आणि १६०. साध्या मजकुरातून दस्तऐवज बनवणाऱ्या आस्कीडॉकमध्ये एनबीएसपी महिरपी कंसात, लेटेकमध्ये नुसतं ~ आणि मॅन पेज (कमांडचं मदतीचं पान) लिहीत असाल तर त्याच ~ च्या आधी एक बॅकस्लॅश. मार्कडाउनमध्ये एचटीएमएलवालं चालतं, पण बॅकटिकच्या (कोड दाखवायच्या ` खुणेच्या) आत टाकलंत तर वाचणाऱ्याला ते अँपरसँडसकट जसंच्या तसं दिसेल.

कुठे टाकायची? आकडा आणि एकक, ‘आकृती ३’, ‘आवृत्ती २.१’, ‘पान ४०’, ‘डॉ.’ आणि पुढचं नाव, बास एवढंच. काही जण उत्साहात अख्खं वाक्य चिकटवून टाकतात, मग मोबाइलवर ती ओळ स्क्रीनबाहेर पळते. आणि दोन शब्दांत जास्त गॅप हवी म्हणून एकापुढे एक पाच-सहा टाकणं तर प्लीज नको, त्याला सीएसएस (वेबपेजची मांडणी ठरवणारी भाषा) आहे.

आता खरी भानगड, कोड ब्लॉक. तिथे ही स्पेस चुकूनही जाऊ देऊ नका. दिसायला साध्या स्पेससारखीच दिसते पण बॅशच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, लेखी ती स्पेसच नाही, त्यामुळे ‘एलएस’ आणि ‘-एल’ च्या मध्ये ही असेल तर बॅश ते सगळं मिळून एकच कमांड समजतो आणि कमांड नॉट फाउंड म्हणतो, आणि कॉपी-पेस्ट करणारा बिचारा स्पेलिंग तपासत बसतो. मॅकवर जर्मन कीबोर्ड असला तर हे हमखास होतं, कारण तिथे कमांड जोडायचं पाइपचं चिन्ह (|) ऑप्शन-७ वर आहे आणि ऑप्शनवरून बोट उचलायच्या आत स्पेस दाबली गेली की झालं.

शंका आली तर फाइल हेक्सडंपमधून (फाइलचे बाइट आकड्यांत दाखवणारं साधन) बघा. साधी स्पेस २० दिसते आणि ही यूटीएफ-८ मध्ये सी२ ए० असे दोन बाइट घेते. विम एडिटरमध्ये लिस्ट मोड चालू करून लिस्टचार्समध्ये एनबीएसपीला एखादं ठळक चिन्ह देऊन ठेवा. वर्डमध्ये ¶ बटण दाबलं की साध्या स्पेसच्या जागी ठिपका दिसतो आणि हिच्या जागी अंशाच्या खुणेसारखं बारकं वर्तुळ.

‘--हेल्प’ सारखे ऑप्शन हायफनपाशी तुटत असतील तर त्याला ही स्पेस कामाची नाही, तिथे सीएसएसचं नोरॅप (ओळ तुटू न देणारी सेटिंग) लावा. नॉन-ब्रेकिंग हायफन पण मिळतो, पण तो कमांडमध्ये गेला की पुन्हा तीच बोंब.